कच्चं इतिवृत्त

बुधवार, दुपारी दोन, चर्चच्या हॉलमध्ये, स्टोव्हशेजारी.
हजर: सात.
गैरहजर कोण, हे लिहायचं मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं.
न्यूफाउंडलंड सोडून अल्बर्टाला गेलेल्यांना गैरहजर म्हणत नाहीत,
आणि टेकडीवरच्यांना तर नाहीच.

विषय पहिला: ऑक्टोबरचं सूप-जेवण.
वाटाण्याचं सूप हेटी करणार, खारवलेलं बीफ घालून.
मागच्या वर्षीही तीच, त्याआधीही.
खुर्च्या मांडणं: सगळ्याच. म्हणजे उना,
कारण बाकीच्यांचे गुडघे उनाच्या गुडघ्यांहून वाईट.
म्हाताऱ्या जेराल्डला आणणं-पोचवणं: डल्सीची गाडी.
तिचा निदान डावा दिवा लागतो.

विषय दुसरा: नाटुकलं.
चार खाड्यांना मिळून एकच पाळक, येतो तिसऱ्या रविवारी.
फोनवर म्हणाला, ती दहा मुलींची गोष्ट घ्या,
दिवे, तेल, रात्री उशिरा येणारा नवरदेव.
मी म्हटलं, आम्ही सात आहोत.
तो म्हणाला, बघा जमवून.
सगळ्यात धाकटी कुमारिका एकसष्टची आहे
आणि तिला अकरा नातवंडं,
हे मी बोलले नाही.

शहाण्या कोण, मूर्ख कोण?
वाटलं, यावरून भांडण होणार.
झालंही, पण उलटं.
सातही जणींना मूर्ख व्हायचं होतं.
मूर्ख मधेच तेल आणायला बाहेर जातात.
बाहेर म्हणजे स्वयंपाकघर,
तेवढ्यात किटली चढवता येते, बन गरम होतात.
शहाण्यांनी शेवटपर्यंत उभं राहायचं,
हातात दिवा धरून,
नुसतं.
चिठ्ठ्या टाकल्या.
निघाल्या एफी, व्हर्ना आणि मी.

तालीम.
कंदील खरे, एफीच्या नवऱ्याच्या बोटीवरचे,
काचेवर अजून मीठ.
तेल म्हणून व्हिनेगरच्या बाटलीत थंड चहा.
हेटीने हात पुढे केला:
आमचे विझतायत गं, थोडं दे.
एफीचं वाक्य होतं: नाही, आम्हालाच पुरायचं नाही.
एफीने तोंड उघडलं,
मग बाटलीचं बूच उघडलं,
आणि ओतलं.

पुन्हा घेऊ, मी म्हटलं.
पुन्हा ओतलं.
तिसऱ्यांदा 'नाही' म्हणाली खरी,
पण ओतता ओतता.

मग व्हर्ना. व्हर्ना कडक, मंडळाचे पैसे तिच्याकडे,
एका सेंटसाठी बँकेला दोन पत्रं लिहिलेली बाई.
तिने हेटीकडे पाहिलं.
ज्या हिवाळ्यात व्हर्नाच्या घरचं सरपण संपलं होतं
तो हिवाळा मधे येऊन उभा राहिला असावा.
व्हर्नाने विचारलं, "किती हवंय?"

हे वाक्य नाटकात नाही.

मग राहिले मी.
मी सचिव, संवाद माझ्याच हाताने उतरवलेले.
आणि मला जमलंही असतं.
जानेवारीत मिल्ड्रेडचा फोन आला होता,
जरा बसायला येतेस का.
मी म्हटलं होतं, आज नको, रस्ता निसरडाय.
आवाज अजिबात कापला नव्हता.
तसंच म्हणायचं होतं, तेवढंच,
फार छान वठलं असतं.
हेटीचा हात पुढे, नखांखाली पीठ.
जीभ रेटेना.
मी माझी अख्खी बाटली तिला देऊन
पडद्याच्या दोऱ्या तपासायला गेले.
दोऱ्या ठीक आहेत.

ठरलं ते असं:
दार लावून घेण्याचं काम कोणी घेतलं नाही.
तसंही मागच्या वादळापासून ते नीट लागत नाही,
खाली पुठ्ठा सारावा लागतो.
पुठ्ठा उना आणेल.
बन बावीस, पैकी नऊ तालमीतच संपले.
पाळकाला कळवावं
की सातही दिवे अर्धेच भरलेले असतील,
तेव्हा नवरदेवाने
जमलं तर जरा लवकर यावं.